भरतीच्या वेळी पावसाचे पाणी कोठे जावे?

पाणी उताराकडे धावते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु उताराच्या शेवटी भरतीचा समुद्र उभा असेल तर त्या पाण्याने जावे कोठे? हा प्रश्न आपल्या उरण तालुक्यास पिढ्यान्‌पिढ्या सोडवावा लागला आहे. आता शेतांच्या जागी गोदामे, रस्ते व इमारती उभ्या राहत असल्यामुळे तो नव्याने पुढे आला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू व उरणपर्यंतची रेल्वे या दोहोंचे उद्घाटन झाले. येथे घर बांधू वा विकत घेऊ इच्छिणारांनी, आणि म्हणून विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनीही, हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम आपल्या पूर्वजांची युक्ती पाहू. खाडीकाठची खार जमीन लागवडीस आणण्यासाठी त्यांनी समुद्राच्या बाजूने बांध घातले व बांधात उघाड्या ठेवल्या. भरती आली म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघाडीचे झडप आपोआप मिटते, आणि ओहोटी लागली म्हणजे आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडते. झडप मिटलेले असताना पडणारा पाऊस भातखाचरांत पसरून राहतो. सारांश, या व्यवस्थेची अंगे दोन : एक दार आणि दुसरे, दार मिटलेले असताना पाण्याला थांबण्यास जागा. या बांधांचे महत्त्व जाणून मुंबई सरकारने १९४८ साली खार जमिनींचा कायदा केला व १९७९ साली महाराष्ट्राने त्याविषयी नवा कायदा केला.

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसविताना हेच तत्त्व हॉलंड देशाच्या पद्धतीने योजिले. सखल भागांत धारण तलाव खणले व त्यांच्या मुखाशी दारे बसविली. भरतीच्या वेळी नाल्यांचे पाणी तलावात साठावे व ओहोटीबरोबर खाडीत जावे, अशी ही योजना होय. परंतु काही तलाव गाळाने भरले, त्यांत तिवरे उगवली, आणि तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्यामुळे गाळ काढणेही अवघड झाले. तलाव खणला म्हणजे काम संपले असे नव्हे. तो दरवर्षी राखावाही लागतो.

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. शंभर गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे एक हेक्टरचा, भूखंड घ्या. दार मिटलेले असताना तीन तास, दर तासास ५० मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. एकूण पाणी पंधरा लक्ष लिटर झाले. जमीन सिमेंटने झाकलेली असेल तर त्यातील बहुतेक सर्व वाहून येणार. ते दीड मीटर खोल तलावात ठेवावयाचे तर एक हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे दहा गुंठे, जागा लागेल. दहा गुंठे राखण्याऐवजी भरावाखाली घातले, तर तितके पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या सखल गावठाणात शिरते. भराव करणारा कोरडा राहतो आणि जुन्या घरात राहणारा भिजतो, हा न्याय नव्हे.

म्हणून योजनेचा पहिला नियम असा : बांधकामापूर्वी भूखंडातून जेवढे व ज्या वेगाने पाणी बाहेर जात होते, त्याहून अधिक बांधकामानंतर जाऊ नये. दुसरा : नैसर्गिक नाला भरावाने अडवू नये. तिसरा : भरतीचे तास ध्यानात घेऊन साठवणीची जागा आधी आखावी व इमारती मागाहून. चौथा : पाणी मुरविण्याचे उपाय जमीन पाहून योजावे. द्रोणागिरी डोंगराच्या उतारावर पाणी मुरण्याचा संभव आहे. परंतु खाजणाच्या चिकणमातीत शोषखड्ड्याचा उपयोग थोडा, तेथे साठवणच हवी. पाचवा : तलाव, नाले व दारे कोण राखणार, हे आरंभीच ठरवावे.

असे नियम व्यवहारात येऊ शकतात. वेल्स देशात ७ जानेवारी २०१९ पासून, एकाहून अधिक घरे किंवा शंभर चौरस मीटर अथवा त्याहून मोठे बांधकाम असल्यास, पावसाच्या पाण्याची योजना आधी मंजूर करून घ्यावी लागते. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांचा नाश करण्यास मनाई केली व त्यांच्याभोवती ५० मीटरांचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. लाटांचा जोर मोडणारी ही वने बांधांचीही पाठराखण करितात.

अतिवृष्टी काही कल्पित गोष्ट नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा पालकांनी घर पाहावयास जाताना खोल्यांबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्या : येथे पूर्वी काय होते? पाणी कोणत्या नाल्याने जाते? उधाणाच्या भरतीत ते कोठे थांबते? या प्रश्नांस नकाशावर बोट ठेवून उत्तर मिळाले नाही, तर बयाणा देण्याची घाई करू नये. आणि विद्यार्थ्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या गावचा नाला उगमापासून उघाडीपर्यंत चालून पाहावा व तो कोठे बुजला आहे ते ग्रामपंचायतीस लिहून कळवावे. भूगोलाचा याहून उपयुक्त पाठ क्वचितच मिळेल.