खवल्यांआड लपलेले रक्तपिपासू

पाळलेला साप एकाएकी दिवसभर पाण्याच्या भांड्यात वेटोळे घालून बसू लागतो. उकाडा वाढला असावा, असा मालकाचा समज होतो. दोन-तीन दिवसांनी भांडे धुताना तळाशी खसखशीच्या दाण्यांसारखे काळे कण साचलेले दिसतात. भांड्याच्या काठावरचा तसाच एक कण चालू लागतो, तेव्हा खरा प्रकार ध्यानात येतो. साप गारव्यासाठी पाण्यात बसलेला नसतो. अंगाला चिकटलेल्या परजीवींपासून सुटका करून घेण्याची ती त्याची धडपड असते.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील काही घरांत बॉल पायथनसारखे परदेशी साप पाळले जातात. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील हा अजगर स्वभावाने शांत असला, तरी त्याच्या पालनात स्वच्छता आणि सावधगिरी यांना पर्याय नाही. त्याला छळणारा सर्वांत चिवट शत्रू म्हणजे 'स्नेक माइट'. शास्त्रीय परिभाषेत 'ओफिओनिसस नॅट्रिसिस' या नावाने ओळखला जाणारा हा जीव कीटक नव्हे, तर कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला आहे. जंगलात सापडणाऱ्या सापांच्या अंगावर दिसणारी गोचीड आकाराने मोठी असते आणि ती चिमट्याने काढता येते. माइटच्या बाबतीत मात्र हा उपाय निरुपयोगी ठरतो. पूर्ण वाढलेली मादी रक्त प्यायल्यावरही जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास भरते आणि एका सापावर असे शेकडो परजीवी असू शकतात.

ओळख कशी पटवावी?

सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर पारदर्शक खवल्याचे आवरण असते. या आवरणाच्या कडेची खाच ही माइटची आवडती जागा. त्याखेरीज हनुवटीखालील खवल्यांची घडी, ओठांवरील उष्णता ओळखणाऱ्या खाचा आणि शेपटीच्या मुळाशी असलेला अवस्करमार्ग येथेही ते दडून बसतात. खवल्यांवर राखेसारखे पांढुरके कण दिसणे, म्हणजे माइटची विष्ठा, ही आणखी एक खूण. साप हाताळल्यावर तळहातावर बारीक काळे ठिपके सरकताना दिसले, तर शंकेला जागा उरत नाही. शंका असल्यास ओलसर पांढरा कागदी रुमाल सापाच्या अंगावरून हलकेच फिरवावा. रक्त प्यालेला माइट त्यावर चटकन नजरेस येतो.

दुर्लक्ष केल्यास परिणाम गंभीर होतात. साप अस्वस्थ होतो, अन्न नाकारतो, त्याची कात एकसंध न निघता तुकड्यांनी निघते. लहान पिलांमध्ये रक्तक्षय होऊन मृत्यूही ओढवतो. सापांना घातक ठरणारे एरोमोनास जिवाणू माइटमार्फत एका सापाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. अजगर व बोआ यांना होणाऱ्या एका असाध्य विषाणूजन्य रोगाच्या प्रसारातही माइटचा हात असावा, असा तज्ज्ञांचा संशय आहे. माणसाच्या अंगावर माइट वास्तव्य करीत नाही. तथापि चावल्यास त्वचेवर खाजरे पुरळ उठू शकते.

एकदाच औषध का पुरत नाही?

या प्रश्नाचे उत्तर माइटच्या जीवनचक्रात आहे. रक्त पिऊन झाल्यावर मादी सापाचे अंग सोडते आणि पेटीच्या सांधीत, लाकडाच्या भेगेत किंवा अंथरलेल्या भुशात अंडी घालते. आयुष्यभरात ती साठ ते ऐंशी अंडी घालू शकते. अंड्यातून बाहेर पडणारी अळी काहीच खात नाही. त्यापुढच्या अवस्थेतील पिलू मात्र रक्ताच्या शोधात निघते, आणि साप न मिळाल्यास दोन-तीन आठवडे उपाशी तग धरते. पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास हे संपूर्ण चक्र सुमारे दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते. विशेष म्हणजे नराशी मीलन न झालेली मादीही अंडी घालते, आणि त्यांतून केवळ नर जन्मतात. म्हणजेच एकटी मादीदेखील नवी वसाहत उभी करू शकते.

त्यामुळे सापाच्या अंगावरचे माइट मारले, तरी पेटीतील अंडी शाबूत राहतात आणि पंधरवड्यात पहिले पाढे पंचावन्न! उबदार, दमट हवा माइटला मानवते. कोरड्या हवेत अंडी सुकून जातात. मुंबई व कोकणपट्टीतील पावसाळा हा माइटच्या दृष्टीने सुगीचाच काळ ठरतो.

साप आणि पेटी, दोन्हींवर एकाच वेळी उपचार

प्रथम बाधित सापाला इतर सापांपासून वेगळे करून, घट्ट झाकणाच्या व हवेसाठी बारीक छिद्रे असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावे. तळाशी फक्त पांढरा कागदी रुमाल अंथरावा आणि तो रोज बदलावा. मूळ पेटीतील भुसा, साल, लाकडाचे ओंडके पिशवीत बंद करून टाकून द्यावेत. पेटी अतिशय गरम पाण्याने घासून धुवावी. पन्नास अंशांहून अधिक तापमानात माइट तग धरू शकत नाही. कोपरे, बिजागऱ्या आणि काच सरकण्याची खाच यांकडे विशेष लक्ष द्यावे. हाताळताना वापरलेले कपडेही गरम पाण्यात धुणे इष्ट.

सापाला कोमट, साधारण अठ्ठावीस ते तीस अंशांच्या पाण्यात अर्धा तास बसवल्याने बरेच माइट बुडून मरतात. पाणी सापाच्या अंगाच्या निम्म्या जाडीइतकेच असावे आणि त्याला एकटे सोडून जाऊ नये. या स्नानात माइट कोरड्या डोक्याकडे धाव घेतात. म्हणून नंतर डोळ्यांभोवती व हनुवटीखाली खाद्यतेलात बुडवलेला कापूस हलक्या हाताने फिरवावा. तेलाने माइट गुदमरतात.

एवढ्याने भागत नसेल, तर औषधाला पर्याय नाही. मात्र येथे पशुवैद्यकाचा सल्ला अनिवार्य आहे. कुत्र्या-मांजरांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा फवारा काही पशुवैद्यक कापडावर घेऊन सापाच्या अंगाला पुसतात. तो थेट तोंडावर वा डोळ्यांवर कधीही मारायचा नसतो. इव्हरमेक्टिनबाबत तर मात्रेचे गणितच धोक्याचे आहे. जनावरांसाठीच्या एक टक्का तीव्रतेच्या इंजेक्शनमध्ये दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते. एक किलो वजनाच्या सापाला लागते सुमारे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरचा पन्नासावा भाग! अंदाजपंचे मात्रा दिल्यास माइटआधी सापच दगावण्याची भीती. घरात कासव असल्यास हे औषध त्याच्यासाठी प्राणघातक असते, हेही ध्यानात ठेवावे.

हे करू नये

झुरळे वा ढेकूण मारण्याचे फवारे, डांबराच्या गोळ्या, रॉकेल, तंबाखूचे पाणी यांचा प्रयोग सापावर करू नये. बंदिस्त पेटीत साचणारी विषारी वाफ सापाच्या फुप्फुसावर आणि मज्जासंस्थेवर आघात करते. एकेकाळी पाश्चात्त्य देशांत डायक्लोरव्हॉसयुक्त पट्ट्या पेटीत टांगण्याची पद्धत होती. भारतात या कीटकनाशकावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे.

माइट दिसेनासे झाले, तरी उपचार किमान चार ते सहा आठवडे सुरू ठेवावेत. घरात येणारा प्रत्येक नवा साप निदान महिनाभर, शक्यतो त्याहून अधिक काळ, वेगळ्या खोलीत ठेवावा. त्याची भांडी आणि चिमटे वेगळे असावेत, तसेच जुन्या सापांची देखभाल उरकल्यावरच त्याला हात लावावा.

कायदा काय सांगतो?

नाग, धामण, भारतीय अजगर असे आपल्याकडील साप घरात बाळगणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. अशा सापावर गोचीड वा माइट आढळल्यास घरी उपचार न करता वन विभागाला कळवावे. बॉल पायथन हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटिस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून, २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी नसलेल्या सापाचा मालक कारवाईच्या भीतीने पशुवैद्यकाची पायरी चढण्याचे टाळतो आणि ऐकीव उपायांच्या आहारी जातो. त्याची किंमत अखेर मुक्या जिवाला मोजावी लागते.