भांडवल कोणाचे आणि झीज कोणाची?

अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून ‘मानवी भांडवल’ हा शब्द वारंवार येतो. महाविद्यालयात शिकणारी आपली मुले त्याची व्याख्या पाठ करतात. पण ज्यांच्या अंगमेहनतीविषयी तो बोलतो, त्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही. या कल्पनेचा अर्थ काय, ती आपल्याला कितपत उपयोगी आहे आणि कोठे अपुरी पडते, हे पुण्याच्या मंडईच्या आधाराने पाहू.

थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली असे मांडले, की यंत्रात घातलेला पैसा जसे उत्पादन वाढवतो, तसेच माणसाच्या शिक्षणात व आरोग्यात घातलेला पैसाही वाढवतो. म्हणून तो खर्च उपभोग नव्हे, गुंतवणूक समजावी. गॅरी बेकर यांनी १९६४ साली या विचाराला पद्धतशीर हिशेबाचे रूप दिले. पुढे दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु पुण्याला हा प्रश्न त्याआधी सुमारे ऐंशी वर्षे ठाऊक होता. नगरपालिकेत नव्या मंडईच्या इमारतीचा विषय निघाला, तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी त्या खर्चाला विरोध केला; तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८८२ साली हंटर आयोगापुढेही त्यांनी हेच मांडले : महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरिष्ठ वर्गांच्या पदरात पडतो. मंडई १८८६ साली उभी राहिली आणि गव्हर्नर रे यांच्या नावाने ओळखली गेली. पुढे तिला नाव मिळाले ते फुल्यांचेच. शुल्ट्झ विचारतो, गुंतवणुकीतून परतावा किती? जोतीराव त्याआधीचा प्रश्न विचारतात : पैसा कोणाचा आणि तो कोणावर खर्च झाला?

आता त्याच बाजारातील हमालाकडे वळू. त्याचे एकमेव भांडवल म्हणजे त्याचे शरीर. कारखानदार यंत्राची झीज दरसाल हिशेबात धरतो आणि नव्या यंत्रासाठी रक्कम बाजूला काढतो. शंभर किलोचे पोते पाठीवर घेणाऱ्याच्या मणक्याची झीज कोणत्या वहीत लिहिली जात होती? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सांगितली. आपल्या बाजारात मात्र पोत्याचे वजन व्यापाराच्या सोयीने ठरत होते. हमालाच्या पाठीचा विचार त्यात नव्हता.

अन्नाचेही तसेच. पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेतील दांडेकर व रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची सीमा दररोज माणशी २२५० उष्मांकांच्या आधारे आखली. ती सरासरी होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९८९ सालच्या शिफारशींत बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २४२५ आणि अतिकष्टाचे काम करणाऱ्याला ३८०० उष्मांक सांगितले आहेत. म्हणजे सरासरीच्या रेषेवर असलेला हमालही उपाशीच. पार्थ दासगुप्ता व देवराज रे यांनी १९८६ साली हे चक्र दाखवले : अन्न नाही म्हणून ताकद नाही, ताकद नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अन्न नाही.

हे चक्र काही अंशी तोडले ते संघटनेने. बाबा आढाव यांनी १९५५ साली पुण्यात हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यान्वये मालकाने मजुरीबरोबर ठराविक लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा, औषधोपचार यांची तरतूद करावयाची. ही लेव्ही म्हणजे दानधर्म नव्हे; माणसाच्या झिजेचा तो हिशेब आहे. १९७४ साली पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. स्वस्त, पोटभर अन्न हीसुद्धा आरोग्यातील गुंतवणूकच.

तरी या सिद्धांताची एक बाजू लंगडी आहे. माणूस आपल्या इच्छेने शिकतो, व्यवसाय निवडतो आणि शिकल्याच्या प्रमाणात मोबदला घेतो, हे त्यात गृहीत आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली स्पष्ट केले, की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. तिच्यात आवडीला आणि कुवतीला स्थान नाही. झाडूकाम पिढ्यान्‌पिढ्या एकाच वस्तीच्या वाट्याला आले ते त्या वस्तीने कमी ‘गुंतवणूक’ केली म्हणून नव्हे. तेथील पदवीधर मुलालाही नोकरीच्या दारात आडनाव विचारले जाते, तेव्हा शिक्षणाचा परतावा जातच ठरवते. दारिद्र्याचे कारण गरिबाच्या अज्ञानातच शोधणाऱ्यांना हे दिसत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा शब्द टाकून देऊ नये आणि डोक्यावरही घेऊ नये. मजुरीच्या वाटाघाटीत तो वापरावा. आपल्या वस्तीत कोण कोणत्या वयात कामातून बाद झाला, आजारपणात किती दिवसांची मजुरी बुडाली, त्यापायी कोणत्या मुलीची शाळा सुटली, याच्या नोंदी शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी ठेवाव्यात. मालकाकडे त्याच्या यंत्रांचा हिशेब लेखी असतो. आपल्या माणसांचा हिशेबही लेखी हवा. तरच तो मागता येईल.