ब्रेकला रंग देताना

उभ्या मोटारीच्या चाकात डोकावून पाहा. आत एक चकचकीत लोखंडी चकती दिसते. ती चाकाबरोबर फिरते. चकतीच्या कडेला एक जाड लोखंडी चिमटा असतो. तो फिरत नाही. या चिमट्याला कॅलिपर म्हणतात. आपल्याकडच्या पुष्कळ मोटारींना हा पुढच्या दोन चाकांत असतो.

सायकलचा ब्रेक आपण सारेच जाणतो. मूठ दाबली, की रबराचे दोन गुटके चाकाची कड दोन्हीकडून धरतात. मोटारीतही तसंच होतं. चालकाने पाय दाबला, म्हंजे नळीतले तेल दाबले जाते. ते तेल कॅलिपरमधला दट्ट्या पुढे ढकलते. मग दोन पॅड फिरती चकती घट्ट धरतात. कोंडलेल्या तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. हा नियम 17 व्या शतकात फ्रान्समधल्या पास्कल या विद्वानाने सांगितला. त्या नियमावर आज आपली मोटार थांबते.

गंज कसा चढतो?

कॅलिपर बहुधा बिडाचा असतो. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली, की गंज चढतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात पाऊस फार. भंडारदरा, घाटघर या वाटेने पावसाळाभर फिरणाऱ्या गाडीचा कॅलिपर लवकर तांबूस होतो. पाथर्डी, जामखेडकडे पाऊस थोडा. तिथे गंज सावकाश चढतो, पण चढतो खरा. रंगाचा थर पाणी आणि हवा अडवतो. म्हणून हौशी लोक घरीच कॅलिपर रंगवतात. त्यात वावगे काही नाही. पण काम नीट समजून करावे.

आधी साळणे, मग हिंगूळ

पोळ्याला आपण बैलाची शिंगे आधी साळतो, मग हिंगूळ लावतो. इथेही तोच क्रम आहे.

गाडी सपाट, टणक जागी लावा. गाडी गार होऊ द्या. हॅन्डब्रेक ओढा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. मग जॅकने गाडी उचला आणि खाली मजबूत घोडी ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. जॅक घसरला तर हात जायचा.

चाक काढल्यावर कॅलिपर साबणाच्या पाण्याने धुवा. आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका. ती छातीत गेली तर अपाय होतो. ओल्यानेच पुसा. मग तारेच्या ब्रशने गंज खरवडा आणि पॉलिश कागद फिरवा. तेलकटपणा काढायला ब्रेक साफ करण्याचे औषध दुकानात मिळते, ते वापरा. रॉकेल, डिझेल लावू नका. त्याने आतले रबर फुगते आणि बिघडते.

कुठे रंग लावू नये?

शिंगे रंगवतो म्हणून बैलाच्या डोळ्याला कोणी रंग लावतो का? कॅलिपरलाही असे डोळे आहेत. चकती, पॅड, दट्ट्या, रबरी टोप्या, तेलाची नळी, कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिना आणि हवा काढायचा स्क्रू. या जागा कागद आणि चिकटपट्टी लावून झाका. पॅडला किंवा चकतीला रंग लागला, तर पकड सैल पडते. पिनांना लागला, तर कॅलिपर अडकतो. पावसानंतर चकतीवर हलका तांबूस थर येतो, तो दोनचार वेळा ब्रेक दाबला की जातो. त्यासाठी चकती रंगवू नये.

आता रंग कोणता? ब्रेक लावला, की घर्षणाने चकती तापते. घाटात फार तापते. दाराखिडक्यांचा साधा रंग तिथे करपतो आणि पोपडे धरतो. उष्णता सोसणारा रंग घ्यावा. आता आपल्याला वाचता येते. डब्यावरचा कागद वाचा. किती अंश उष्णता सोसेल, किती वेळ वाळू द्यावा, हे आकडे तिथे छापलेले असतात. मजकूर इंग्रजीत असेल, तर घरातल्या शिकणाऱ्या मुलाला विचारा. त्यात कमीपणा नाही. ब्रशने पातळ दोन थर द्या. पहिला वाळल्यावर दुसरा.

निघण्याआधी

चिकटपट्टी, कागद काढा. चाक चढवा. नट समोरासमोरचे आवळा. गाडी खाली घेऊन ते पुन्हा घट्ट करा. मग गाडी जागेवरच ठेवून ब्रेक चारपाच वेळा दाबा. पाय टणक लागला पाहिजे. पाय खोल गेला, तर गाडी हलवू नका, मिस्त्रीला बोलवा. पाय टणक लागला, तरी आधी मोकळ्या जागी हळू चालवून थांबवून पाहा.

एक गोष्ट विसरू नका. रंगाने गंज थांबतो, ब्रेक सुधारत नाही. इमामपूरचा घाट, करंजीचा घाट, संगमनेरजवळचा चंदनापुरीचा घाट उतरताना रंग कामी येत नाही. तिथे पॅडची जाडी आणि तेलाची पातळी कामी येते. चाक उघडलेच आहे, तर पॅड किती झिजले तेही पाहून घ्या. झिजले असतील, तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि आधी पॅड बदला. घाटात गियर खालचा ठेवा, म्हंजे ब्रेक कमी तापतो.

रंग शोभेसाठी आहे, ब्रेक जिवासाठी आहे. आधी जीव, मग शोभा.