जलरंगातील वन्यनिसर्गचित्रण

जलरंगातील वन्यनिसर्गचित्रण म्हणजे वन्य प्राणी, पक्षी आणि त्यांचा अधिवास यांचे प्रत्यक्ष स्थळी, समोर दिसणाऱ्या दृश्यावरून जलरंगांत केलेले चित्रण होय. चित्रशाळेत बसून छायाचित्रावरून केलेल्या चित्राहून हा प्रकार भिन्न आहे. येथे विषय हलता असतो, प्रकाश सतत बदलत असतो आणि रंग वाळण्याचा वेग हवामान ठरवीत असते. त्यामुळे पाहणे, निवडणे व रंगविणे या तिन्ही क्रिया चित्रकाराला थोड्या वेळात एकत्रच कराव्या लागतात. अशा चित्रांना कलाकृती म्हणून जसे मोल असते, तसेच निसर्गाची नोंद म्हणूनही असते. वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत सातपुड्याचे डोंगर, साग-बांबूचे पानगळीचे वन आणि काळ्या मातीचे मैदान हे सर्व जवळजवळ असल्याने या चित्रणास तेथे विविध विषय मिळतात.

इतिहास

वन्य प्राण्यांचे चित्रण वऱ्हाडाच्या परिसरात अतिशय प्राचीन आहे. अमरावती जिल्ह्यातील मोर्शीच्या उत्तरेस, मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्याच्या हद्दीत, गाविलगडच्या डोंगररांगेत चित्रित शैलाश्रय आहेत. अमरावतीच्या निसर्गअभ्यासकांच्या चमूने २००७ मध्ये ते उजेडात आणले. अंबादेवी शैलाश्रय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समूहात प्राण्यांच्या अनेक आकृती आढळतात.

भारतात कागदावरील प्राणिचित्रणाला मोगल बादशहा जहांगीर याच्या काळात मोठे महत्त्व आले. १६१२ मध्ये गोव्याहून आणलेल्या टर्की पक्ष्याचे चित्र काढण्याची आज्ञा त्याने आपल्या चित्रकारांना दिली होती. त्याच्या पदरी असलेला उस्ताद मन्सूर हा पशुपक्ष्यांच्या चित्रांसाठी विशेष प्रसिद्ध होता. ही चित्रे मुख्यतः अपारदर्शक जलरंगांत आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात लेडी इम्पी हिच्या आश्रयाने शेख झैनुद्दीन आदी चित्रकारांनी पशुपक्ष्यांची मोठी चित्रमालिका तयार केली. मात्र हे सर्व प्राणी बहुधा पाळीव संग्रहातील असत. प्राणी रानातून चित्रकाराकडे आणला जाई. चित्रकार रानात जात नसे.

महाराष्ट्रात बाहेर बसून जलरंगांत निसर्गचित्रे काढण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. मुंबईतील सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट (स्थापना १८५७) आणि बॉम्बे आर्ट सोसायटी (स्थापना १८८८) या संस्थांचा त्यात मोठा वाटा आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोटितीर्थ तलावाच्या परिसरातील बदलता प्रकाश अनेक चित्रांत टिपला. सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे जलरंगातील प्रभुत्वासाठी ख्यातनाम होते. ही परंपरा प्रामुख्याने भूदृश्यांची होती. प्राणी-पक्ष्यांचे शास्त्रीय चित्रण मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (स्थापना १८८३) हिच्या कार्याभोवती वाढले. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील रंगीत चित्रांमुळे सामान्य वाचकाला पक्षी ओळखणे सुलभ झाले. प्रत्यक्षस्थळी वन्यनिसर्गचित्रण हे भूदृश्याची परंपरा आणि शास्त्रीय चित्रण या दोन प्रवाहांच्या संगमावर उभे आहे.

वऱ्हाडातील स्थळे

१९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्प योजनेतील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या नद्या या प्रदेशातून वाहत जाऊन तापीच्या खोऱ्यात मिळतात. वाघ, बिबट्या, अस्वल, रानगवा, सांबर व रानकुत्रा हे येथील प्रमुख प्राणी होत. दाट बांबू आणि उंचसखल भूमी यांमुळे येथे प्राणी क्षणभरच दिसतात. म्हणून मेळघाटातील चित्रकाराच्या वहीत प्राण्यांपेक्षा दऱ्या, नदीपात्रे व वृक्ष अधिक असणे स्वाभाविक आहे. सेमाडोह व कोलकास येथील सिपना नदीचा परिसर, चिखलदऱ्याची पठारे व कडे, तसेच गाविलगडचा किल्ला ही भूदृश्याची उत्तम स्थळे आहेत.

अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ला वनाने वेढलेला आहे. तेथे पडके तट, तलाव आणि वन्य पक्षी एकाच चौकटीत येऊ शकतात. काटेपूर्णा अभयारण्यातील जलाशयावर हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात, तर आसपासच्या झाडोऱ्यात चौशिंगा आढळतो. जलाशयावर विसावलेले पक्षी बराच काळ एकाच जागी थांबत असल्याने नवशिक्यांना हे स्थळ सोयीचे ठरते. अमरावती शहराजवळील वडाळी व छत्री तलाव येथे कोणताही मोठा प्रवास न करता सराव करता येतो. मैदानी भागात शेताच्या बांधावरून रोही, म्हणजे नीलगाय, आणि काळवीट यांचे चित्रण शक्य असते.

साहित्य

प्रवासात वाहून नेता येईल इतकेच साहित्य वापरण्याचा प्रघात आहे. ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचा, मध्यम खरखरीत पृष्ठभागाचा कागद पाणी चांगले पेलतो आणि फारसा सुरकुतत नाही. लहान आकाराची, साधारण वहीच्या अर्ध्या पानाएवढी चित्रे लवकर पूर्ण होतात. वड्यांच्या स्वरूपातील रंगांची छोटी पेटी, एक मोठा गोल टोकदार ब्रश, एक बारीक ब्रश, पेन्सिल, पाण्याची बंद बाटली, फडके व दुर्बीण एवढ्यावर काम भागते.

रंगही मोजके असतात. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून थंड करड्यापासून उबदार काळपटापर्यंत अनेक छटा मिळतात. सातपुड्यातील बेसॉल्टचे कातळ, सावल्या आणि गव्याचे अंग यांसाठी हे मिश्रण उपयोगी पडते. यलो ऑकर वाळलेल्या गवतासाठी वापरतात. तयार हिरवा रंग जसाच्या तसा लावल्यास वन कृत्रिम दिसते. म्हणून निळा व पिवळा मिसळून, त्यात थोडा तांबूस रंग घालून हिरव्या छटा तयार केल्या जातात.

चित्रणपद्धती

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतो; कोरा कागद हाच पांढरा रंग असतो. त्यामुळे चित्र फिकट छटेकडून गडद छटेकडे नेले जाते आणि उजळ जागा प्रारंभीच राखून ठेवाव्या लागतात. उन्हाळ्यात पर्णहीन झालेल्या वनात कांडोळ वृक्षाचे पांढुरके खोड दुरूनही उठून दिसते. ते रंगविण्याचा मार्ग म्हणजे खोड न रंगविता त्यामागची सावली रंगविणे. गव्याच्या पायांवरील पांढुरके मोजेही असेच राखले जातात. चितळाच्या अंगावरील ठिपक्यांसारखा बारीक तपशील मात्र शेवटी अपारदर्शक पांढऱ्याने देण्याची मुभा बहुतेक चित्रकार घेतात.

हलत्या प्राण्यासाठी एकाच पानावर अनेक अपुरी रेखाटने सुरू केली जातात. चरणारे हरीण मान वर करते, वळते आणि काही वेळाने पुन्हा पूर्वीच्याच पवित्र्यात येते. ते तसे आले की चित्रकार आधीच्या रेखाटनाकडे परततो. प्रथम पाठीची रेषा, मानेचा कल व पायांवरील भार टिपतात. डोळे, कान व केस नंतर येतात. प्राणी निघून गेल्यावर उरलेला भाग स्मरणाने भरला जातो.

प्राणी दिसण्यापूर्वीच परिसर रंगवून ठेवणे ही आणखी एक पद्धत आहे. पाणवठा, झाडे व सावल्या तयार असल्या की आलेल्या सांबराची केवळ गडद आकृती योग्य जागी घालावी लागते. यात प्रमाणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. प्राणी झाडांच्या तुलनेत अपेक्षेपेक्षा लहान दिसतो, आणि नवशिक्याचा प्राणी बहुधा मोठा होतो.

ऋतू आणि हवामान

वऱ्हाडात जलरंगापुढे दोन परस्परविरोधी अडचणी उभ्या राहतात. एप्रिल-मे महिन्यांत अकोला व अमरावतीच्या मैदानात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते आणि हवा कोरडी असते. कागदावर दिलेला रंगाचा सपाट थर पसरण्याआधीच वाळतो व त्याच्या कडा कडक उमटतात. अशा वेळी कागद मागून-पुढून ओला करणे, चित्राचा आकार लहान ठेवणे, थर एका दमात लावणे आणि सकाळी लवकर काम करणे हे उपाय केले जातात. कडक कडांचा उपयोगही करून घेता येतो. पर्णहीन फांद्या आणि तापलेले कातळ अशा कोरड्या फटकाऱ्यांतच अधिक खरे वाटतात.

याउलट पावसाळ्यात सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यात धुके उतरते आणि रंग तासभर ओलाच राहतो. तेव्हा थरांवर थर देता येत नाहीत. एकाच ओल्या थरात दूरच्या डोंगरांच्या छटा एकमेकींत मिसळू दिल्या जातात.

रंगांच्या दृष्टीने फाल्गुन-चैत्राचा काळ विशेष समृद्ध असतो. पळस व पांगारा फुललेले असतात आणि कुसुमाच्या झाडाला तांबडी कोवळी पालवी फुटते. पर्णहीन वनातून दृष्टी दूरवर जाते आणि प्राणी पाणवठ्यांजवळ येतात.

नोंदीची विश्वासार्हता

स्थळावर काढलेल्या चित्रावर दिनांक, वेळ, ठिकाण व हवामान लिहिण्याची पद्धत आहे. या नोंदी खऱ्या असणे किती आवश्यक आहे, हे मेळघाटात आढळणाऱ्या रानपिंगळ्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीशीर नमुना मिळाला नव्हता. ब्रिटिश संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळविल्याचा दावा केला होता. पुढे पामेला रासमुसेन यांच्या अभ्यासातून तो नमुना जुनाच असून त्यावरील स्थळ-काळाची माहिती बनावट असल्याचे उघड झाले. त्या खोट्या नोंदीमुळे पक्ष्याचा शोध चुकीच्या ठिकाणी घेतला गेला होता. विश्वसनीय नमुन्यांच्या आधारे शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. नंतरच्या सर्वेक्षणांत तो मेळघाटातही आढळला.

सर्वत्र दिसणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्याहून रानपिंगळा वेगळा ओळखता येतो. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पंख व शेपटीवर ठळक पट्टे असतात, चोच व पाय दणकट असतात आणि पोटाचा खालचा भाग पांढरा असतो. तो दिवसा सक्रिय असून सकाळी उघड्या फांदीवर बसलेला दिसतो. चित्रकाराने सवयीने त्याच्या डोक्यावर चार ठिपके टाकले, तर चित्र सुंदर राहील, परंतु पक्षी बदलेल. म्हणून जे दिसले नाही ते कोरे ठेवणे आणि जे स्मरणाने वा छायाचित्रावरून नंतर भरले त्याची चित्राखाली नोंद करणे, ही या कलाप्रकारातील मूलभूत शिस्त मानली जाते.

नियम व आचार

व्याघ्र प्रकल्पाच्या पर्यटन क्षेत्रात प्रवेशासाठी परवानगी आणि मार्गदर्शक आवश्यक असतो. सफारीत नेमून दिलेल्या जागांखेरीज वाहनातून उतरता येत नाही. त्यामुळे तेथे वाहनात बसून झटपट रेखाटन करणे आणि विश्रामगृह, निरीक्षण मनोरा किंवा किल्ल्यावर सविस्तर रंगकाम करणे अशी विभागणी करावी लागते. मार्गदर्शकांमध्ये अनेक जण स्थानिक कोरकू समाजातील असून प्राण्यांच्या वावराविषयीचे त्यांचे ज्ञान चित्रकाराला उपयुक्त ठरते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांना त्रास देणे गुन्हा आहे. घरट्याजवळ बसून चित्र काढणे, प्राण्याने मान वर करावी म्हणून आवाज करणे किंवा खाद्य टाकणे निषिद्ध मानले जाते. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट यांसारखे विषारी धातू असतात. म्हणून ब्रश पाणवठ्यात धुऊ नये व रंगाचे पाणी वनात ओतू नये. ते बाटलीत भरून परत आणावे.

शिक्षणातील उपयोग

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे होणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत स्मरणचित्र हा विषय असतो. पाहिलेले दृश्य मनात साठवून कागदावर उतरविण्याचा तो अभ्यास असल्याने वन्यनिसर्गचित्रणासाठी पायाभूत ठरतो. शाळेच्या आवारातील चिमण्या, साळुंक्या, खारी किंवा शेतातील बैल यांचे पाच-पाच मिनिटांत रेखाटन करणे हा त्याचा सर्वांत सोपा आरंभ होय. त्यासाठी अभयारण्यात जाण्याची आवश्यकता नसते. तलावाकाठचे एकच झाड वर्षभर दर महिन्याला रंगविल्यास पालवी, फुलोरा व पानगळ यांची दिनांकवार नोंद तयार होते, आणि अशी वही पुढील वर्षांच्या निरीक्षणांशी ताडून पाहता येते.

हे सुद्धा पहा

मेळघाट व्याघ्र प्रकल्प
काटेपूर्णा अभयारण्य
नरनाळा किल्ला
रानपिंगळा
जलरंग