आडनावातला 'नीस' कोण?

चिटणीस, फडणीस, सबनीस, पारसनीस, पोतनीस, कारखानीस... या सगळ्या आडनावांच्या शेवटी एकच जण बसलाय: 'नीस'! मूळ शब्द फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. थोडक्यात, ही सगळी लेखणीवर पोट भरणाऱ्यांची आडनावं.

✍️ चिटणीस: पत्रव्यवहार सांभाळणारा. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी.
✍️ पारसनीस: फारसी पत्रं लिहिणारा-वाचणारा. 'फारसी'चं आपण 'पारस' केलं.
✍️ सबनीस: किल्ल्यावरची हजेरी आणि हिशेब लिहिणारा.
✍️ कारखानीस: इथे कारखाना म्हणजे यंत्रांचा नव्हे! धान्य, दारूगोळा अशा साठ्यांची कोठारं. त्यांची नोंद ठेवणारा तो कारखानीस.
✍️ पोतनीस: 'पोतं' म्हणजे खजिना, त्याचा जमाखर्च लिहिणारा.
✍️ फडणीस: 'फर्द' म्हणजे हिशेबाचा कागद, त्यावरून फर्दनवीस. 'फडणवीस' हे त्याच शब्दाचं दुसरं रूप.

गंमत म्हणजे नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू. हुद्दा इतका मोठा झाला की आडनाव मागे पडलं.

त्याआधी, १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली होती. वाकनीस 'मंत्री' झाला, सुरनीस 'सचिव' झाला. दरबारी कागदावर शब्द बदलले, पण माणसांच्या नावामागे जुने हुद्दे चिकटूनच राहिले.

आणि हो, एकाच हुद्द्यावर वेगवेगळ्या घराण्यांतली माणसं असायची. त्यामुळे दोन चिटणीस भेटले तर ते भाऊबंद असतीलच असं नाही!

तुमच्या ओळखीत आणखी कोणते 'नीस' आहेत? सांगा बरं!