घर घेताना : आधी कागद, मग भिंत



बैलाची जोडी घ्यायची असली म्हणजे आपण दात मोजतो, खूर पाहतो, औताला जुंपून पाहतो आणि मगच रुमालाखाली हात घालतो. घर घेताना मात्र पाहुण्याचा शब्द आणि चहाचा कप एवढ्यावर सौदा होतो. बैल फसवा निघाला तर पुढच्या बाजारी विकता येतो. घराचे तसे नाही. त्याचा वाद नातवापर्यंत चालतो.

आपली जुनी माणसे गावाचे दोन भाग सांगत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. काळीला सातबारा असतो, पांढरीला नसतो. घोळ येथूनच सुरू होतो. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ मिळतो आणि आपण त्यालाच घराचा सातबारा समजतो. तो समज चुकीचा आहे. नमुना आठ हे कर आकारणीचे पुस्तक आहे. पट्टी कोणाकडून वसूल करायची ते त्यात लिहिलेले असते; घर कोणाच्या मालकीचे हे त्याने ठरत नाही. (तलाठ्याकडचा आठ-अ हा तर शेतीच्या खात्याचा उतारा. नावे जवळची, कागद अगदी वेगळे.)

२०२० साली केंद्र सरकारने स्वामित्व योजना आणली. ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरोघरची मिळकत पत्रिका तयार करावी, अशी ही योजना आहे. आपल्या गावची पत्रिका तयार झाली असेल तर घर पाहण्याआधी ती पाहावी. विकणाऱ्याचे नाव, क्षेत्र आणि नकाशा प्रत्यक्ष जागेशी जुळतो का ते टेप लावून मोजावे. नाव किंवा माप चुकले असेल तर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून ते आधी दुरुस्त करून घेण्यास विकणाऱ्याला सांगावे. ‘नंतर करू’ या शब्दावर पैसे देऊ नयेत.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. समजा, वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, तीन मुलगे आणि एक लेक. लेक लग्न होऊन सासरी गेलेली. घरात थोरला राहतो, घरपट्टी त्याच्याच नावाने येते आणि तोच घर विकायला काढतो. गावात कोणालाच यात काही वावगे वाटत नाही. कायदा मात्र वेगळे सांगतो. हिंदू कुटुंबात अशा वेळी आई, मुलगे आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. वारलेल्याची आई हयात असेल तर तिचाही. १९५६ च्या वारसा कायद्यात पूर्वी एक कलम २३ होते. राहत्या घराची वाटणी भावांनी केल्याशिवाय बहिणीला ती मागता येत नसे. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकले. वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मापासून हिस्सेदार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. मुस्लिम कुटुंबात वाटे त्यांच्या कायद्याने पडतात, पण मुलीचा वाटा तेथेही आहेच.

म्हणून घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा, “बहिणी किती आणि कुठे दिल्या?” त्या सर्वांच्या सह्या खरेदीखतावर हव्यात, किंवा त्यांनी नोंदणी केलेले हक्कसोडपत्र करून दिलेले हवे. साध्या कागदावरचा अंगठा चालणार नाही. आणि विकणाऱ्या भावांना एक सांगावेसे वाटते. दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीसमोर अचानक कागद ठेवून सही घेण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. ती भिडेपोटी सही करते आणि गप्प राहते. घर विकून पैसा येणारच आहे. तिच्या वाट्याचा तिला मोजून द्यावा. घेणाऱ्याच्या दृष्टीनेही राजीखुशीने केलेली सही अधिक पक्की असते.

एका भावाचाच हिस्सा स्वस्तात मिळतो म्हणून घेणारेही असतात. हे फार धोक्याचे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे, न वाटलेल्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला तरी त्या कुटुंबाबरोबर घरात राहण्याचा हक्क त्याला मिळत नाही. त्याला वाटणीचा दावा करावा लागतो आणि तो केल्यावर घरातील भाऊ न्यायालय ठरवील त्या किमतीस तो हिस्सा मागू शकतो. म्हणजे पैसे देऊनही तुम्ही ओसरीबाहेरच.

व्यवहार ठरला की खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेच पाहिजे. शंभर रुपयांच्या वरच्या कोणत्याही स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होत नाही. पूर्वी शंभराचा आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा मुद्रांक घेऊन वकिलापुढे ‘खरेदी’ लिहून घेतात, ती खरेदी नव्हे. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीस द्यावा लागतो. त्याच कार्यालयात मागच्या तीस वर्षांची सूची क्रमांक दोन शोधून घ्यावी. घर आधी कोणाला विकले वा गहाण टाकले असेल तर त्यात दिसते. अक्षय तृतीयेचा मुहूर्त साधायला हरकत नाही, पण शोध त्यापूर्वी झालेला असावा. राहते घर घरच्या लक्ष्मीच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. ही सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे.

दस्तात चतुःसीमा नीट लिहाव्यात. सामायिक भिंत कोणाची, पन्हाळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडते, बैलगाडी कोणत्या बोळातून येते, हेही लिहावे. गावातली निम्मी भांडणे पन्हाळीवरून होतात.

गावाबाहेर शेतातून गुंठा-दोन गुंठे घेण्याचा मोह होतो. तेथे १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. त्याचे नियम अलीकडे काही ठिकाणी सैल झाले आहेत, म्हणून दलालाचे न ऐकता तहसील कचेरीत विचारावे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर परवानगीवाचून हात घालू नये. नांदुरा भागात पूर्णेवरील जिगाव प्रकल्पात जुनी गावे उठून पुनर्वसनात जात आहेत. त्या बाजूचे घर घेताना गाव बुडीत क्षेत्रात आहे काय, हे आधी विचारावे.

आता भिंत. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन मनांचा आहे. घाटावर चिखली, मेहकरकडे बऱ्याच जागी मुरूम लवकर लागतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलवते. म्हणून घाटाखालचे घर चैत्र-वैशाखात पाहावे. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली असेल तर ताज्या चुन्याने ती झाकली आहे काय, हे नखाने खरवडून पाहा. पाया मुरुमापर्यंत नेला होता का, हे बांधणाऱ्या गवंड्याला विचारावे. मालकापेक्षा तो खरे सांगतो.

घाटाखालीच खारपाणपट्टाही आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या बाजूच्या अनेक गावांत विहिरीचे पाणी खारे. घर पाहायला जाताना घरधनिणीला बरोबर न्यावे. ती शेजारणीला विचारील, “नळ किती दिवसांनी येतो? डाळ शिजते का?” हे प्रश्न पुरुषांना सुचत नाहीत. भिंतीच्या तळाशी पांढरा क्षार फुटला असेल तर तोही तिलाच दिसतो. नाल्याकाठचे घर असेल तर जुलै २०२३ ला पाणी कुठवर आले होते ते विचारा. त्या महिन्यात संग्रामपूर-जळगाव जामोद भागात पुराने घरे वाहिली.

धाब्याचे जुने घर स्वस्त मिळते आणि उन्हाळ्यात गारही असते. घेण्यापूर्वी तुळईची टोके, जेथे ती भिंतीत शिरतात, तेथे सळईने टोचून पाहावे. सळई आत गेली तर उधईने पोखरले आहे. मृगापूर्वी धाब्यावर पांढरी माती पसरून ती चोपावी लागते आणि पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. एवढी मेहनत दरवर्षी होणार नसेल तर धाब्याचे घर घेऊ नये.

विकणाऱ्याने पूर्ण रक्कम बँकेतून पोचल्याशिवाय सही करू नये. वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. घेणाऱ्याने नोंदणी होताच दस्ताची प्रत जोडून ग्रामपंचायतीत व भूमि अभिलेखाकडे नोंदीचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि विजेचे मीटर त्याच आठवड्यात आपल्या नावावर करून घ्यावे. मागील बिल व घरपट्टीची थकबाकी कोण भरणार, हे किल्ली घेण्याआधीच बोलून घ्या.