व्हेरियंटचे नाव नंतर, आधी श्वास मोजा

पाऊस सुरू झाला की मावळात ताप-खोकल्याचे रुग्ण वाढतात. भातलावणीसाठी दिवसभर चिखलात उभी असलेली आंदर मावळातली, नाणे मावळातली माणसे, लोकलने रोज पुण्याला ये-जा करणारे नोकरदार, लोणावळ्याच्या पावसात ओल्या कपड्यांनी भटकून आलेले पर्यटक असे सगळे ओपीडीच्या एकाच रांगेत उभे असतात. त्यातल्या एखाद्याचा कोरोनाचा अहवाल पॉझिटिव्ह आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘डॉक्टर, हा कुठला व्हेरियंट?’’

रुग्णाकडे बघून या प्रश्नाचे उत्तर कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. व्हेरियंट कळतो तो विषाणूच्या जनुकीय चाचणीतून, म्हणजे जिनोम सिक्वेन्सिंगमधून. त्यासाठी निवडक नमुने पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्था किंवा बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी जातात. तिथला अहवाल येईपर्यंत बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी गेलेले असतात. उपचार मात्र रुग्ण आल्यावर पहिल्या तासातच ठरवावे लागतात.

लक्षणे कशी बदलत गेली?

राज्यातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्या वर्षी ताप, कोरडा खोकला, अंगदुखी आणि वास-चव जाणे ही ओळखीची लक्षणे होती. वास जाण्यामागचे कारणही पुढे समजले. वास ओळखणाऱ्या चेतापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हा विषाणू हल्ला करतो.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत डेल्टा आला. तोवर बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. पहिले चार-पाच दिवस साधा ताप, रुग्ण घरातच, आणि सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास अचानक ऑक्सिजन खाली, असे चित्र आम्ही रोज पाहत होतो. काही जण ऑक्सिजन ८० वर असतानाही मोबाइलवर बोलत वॉर्डात चालत यायचे. धाप लागल्याचे त्यांना जाणवतच नसे. तिशी-चाळिशीतली धडधाकट माणसे तेव्हा खाटेवर होती.

डिसेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला. राज्यातला पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडला आणि दुसऱ्याच दिवशी पिंपरी-चिंचवडमध्ये सहा व पुण्यात एक रुग्ण आढळला. या वेळी घसा खवखवणे, नाक वाहणे, अंग ठणकणे यांचे प्रमाण वाढले. ब्रिटनमध्ये लस घेतलेल्या रुग्णांच्या मोठ्या पाहणीत डेल्टाच्या काळात सुमारे ५३ टक्के रुग्णांचा वास गेला होता. ओमायक्रॉनच्या काळात हे प्रमाण १७ टक्क्यांवर आले. घसादुखी मात्र ६१ वरून ७० टक्क्यांवर गेली. हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत असे दिसले, की हा विषाणू श्वासनलिकांच्या पेशींत डेल्टापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. पण फुप्फुसाच्या पेशींत त्याची वाढ संथ असते. तोवर बऱ्याच लोकांमध्ये लसीमुळे किंवा आधीच्या संसर्गामुळे प्रतिकारशक्तीही तयार झाली होती. म्हणून आजार सौम्य भासू लागला.

२०२३ मध्ये एक्सबीबी.१.१६ हा उपप्रकार पसरला, तेव्हा बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी राज्यातल्या २७६ बाधितांची माहिती तपासली. त्यांतल्या ६७ टक्के रुग्णांना ताप, ४२ टक्के रुग्णांना खोकला आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नाक वाहण्याचा त्रास होता. बहुतेक जण घरीच बरे झाले. पण सात रुग्ण दगावले आणि त्यांत साठीपुढचे, इतर आजार असलेले रुग्ण अधिक होते.

‘सौम्य’ या शब्दाचा घात

जानेवारी २०२२ मधला एक प्रसंग मी विसरलेलो नाही. त्या दिवसांत एका गावातल्या बैठकीत मीच सांगितले होते, ‘‘घाबरू नका, ही लाट सौम्य आहे.’’ आठवडाभरात त्याच गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजींना त्यांच्या मुलाने जीपमधून आणले. मधुमेह जुना. ‘‘सर, ताप-बिप काही नाही. तीन दिवस झाले, आई जेवत नाही. नुसती पडून असते, काल मला ओळखलं पण नाही,’’ तो म्हणाला. ऑक्सिजन ७८ होता. आम्ही लगेच ऑक्सिजन लावला, उपचार सुरू केले. चौथ्या दिवशी आजी गेल्या. मुलाने तक्रार केली नाही. फक्त म्हणाला, ‘‘तुम्ही सौम्य म्हणालात, म्हणून थांबलो.’’

मी खोटे बोललो नव्हतो, पण अर्धेच बोललो होतो. ‘सौम्य’ हे हजारो रुग्णांचे सरासरी वर्णन आहे. समोरच्या एका रुग्णाला ते लागू होईलच असे नाही. त्यातही वृद्धांमध्ये आजाराची खूण वेगळी असते. वयामुळे शरीराचा प्रतिसाद मंदावतो, त्यामुळे ताप येतोच असे नाही. जेवण सोडणे, सुस्ती, असंबद्ध बोलणे, तोल जाऊन पडणे ही त्यांच्यातली पहिली लक्षणे असू शकतात. ‘म्हातारपण आहे, चालायचंच’ असे म्हणून घरात याकडे दुर्लक्ष होते आणि मोलाचे दोन-तीन दिवस वाया जातात.

पावसाळ्यातला आणखी एक पेच

आपल्या भागात पावसाळ्यात प्रत्येक ताप कोरोनाचा नसतो. चिखलात काम करणाऱ्याला ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे किंवा कावीळ असेल तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. डोळ्यांच्या मागे दुखणे, अंगावर पुरळ किंवा हिरड्यांतून रक्त येणे ही लक्षणे डेंगीकडे बोट दाखवतात. फ्लू आणि कोरोना तर चाचणीवाचून वेगळे ओळखताच येत नाहीत. कोरोना पॉझिटिव्ह आला म्हणून दुसरा आजार नाहीच, असेही नसते.

घरी काय पाहावे?

व्हेरियंट बदलले, तरी धोक्याच्या खुणा बदललेल्या नाहीत. विश्रांतीत असताना ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल, तर दवाखाना गाठा. ज्यांना चालता येते त्यांनी घरात सहा मिनिटे चालून पुन्हा मोजावे. तीन किंवा अधिक अंकांनी घट झाली, तर तीही धोक्याची सूचना आहे. वृद्धांना किंवा आधीच धाप लागणाऱ्यांना मात्र असे चालवू नका.

लोणावळ्याच्या गारठ्यात हाताची बोटे थंड पडतात आणि पल्स ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो. म्हणून आधी हात चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, मग मोजा. यंत्र नसेल तर छातीची हालचाल पाहून मिनिटभर श्वास मोजा. प्रौढ माणसाचा शांत बसलेला असताना श्वास मिनिटाला २४ पेक्षा जास्त असेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, छातीत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रुग्ण गोंधळल्यासारखा वागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आणि एक कळकळीची विनंती. जुन्या चिठ्ठीवरून स्टेरॉइडच्या गोळ्या आणू नका. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोनने जीवदान मिळते. पण ज्याला ऑक्सिजनची गरज नाही त्याला त्याचा फायदा होत नाही, उलट साखर वाढून अपाय होऊ शकतो. दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसमुळे डोळा किंवा जबडा गमावलेल्या अनेकांना मधुमेह होता आणि त्यांना स्टेरॉइडही दिले गेले होते.

व्हेरियंटवर लक्ष ठेवणे आवश्यकच आहे. लस कोणती हवी, लाट कधी येईल, हे त्यातूनच कळते. ते काम प्रयोगशाळा करत राहतील. घरच्यांनी मात्र तपासायला येताना मला एवढेच सांगावे : त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, ऑक्सिजन किती आहे, आणि आजी काल जेवल्या का?